दोच्काची हजेरीवही

दोच्का पेन्कोवा आमच्या व्रबेने गावची. टोमॅटोच्या कारखान्यात तिनं एकवीस वर्षं डब्यांवर झाकणं बसवली. कारखान्याला कुलूप लागलं तसा तळहातावरचा घट्टा घेऊन ती जवळच्या बेलिश्ते शहरात गेली आणि विद्यापीठात साफसफाईला लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या, जिन्यापासून सगळ्यात लांबच्या दोन खोल्या तिच्या वाट्याला आल्या. दारावर पाटी होती : कॅनडा अभ्यास केंद्र. गावात कुणी विचारलं, "काय गं, काम काय असतंय तुला तिथं?" की ती म्हणायची, "कॅनडा झाडायचा."

तेव्हापासून गावात तिचं नाव पडलं कॅनडावाली.

एका खोलीत पुस्तकं, दुसरीत व्याख्यानं. भिंतीवर नकाशा, त्याच्याशेजारी बर्फात चालायची जाळीची पादत्राणं टांगलेली. दोच्का ती दर शनिवारी पुसायची. "घालणारा कवा ना कवा येईल, धूळ कशाला ठेवा," असं तिचं म्हणणं. केंद्राच्या प्रमुख ओग्न्याना बाई. बारीक, चष्म्याची दोरी गळ्यात, बोलायला लागल्या की एका वाक्याला तीन जिने. बाई महिन्याला एक कार्यक्रम करायच्या. कधी व्याख्यान, कधी पुस्तकावर चर्चा, वसंतात दोन दिवसांचा परिसंवाद. वक्ता राजधानी सोफियाहून यायचा, क्वचित समुद्रापलीकडून. कॉफी दोच्काची, बिस्किटं बाईंची. आणि ऐकायला माणसं सात.

त्या सातांतली एक दोच्का. पहिल्याच वर्षी बाई तिला म्हणाल्या होत्या, "दोच्का, काम झालं की मागं येऊन बसत जा. एक खुर्ची भरलेली दिसते." दोच्का बसली. दहा वर्षांत एकसष्ट व्याख्यानं तिनं बसून काढली. निम्मं इंग्रजीत असायचं, पण कुणीतरी पोरगी शेजारी उभी राहून आपल्या भाषेत सांगायची, ते तिच्या डोक्यात राहायचं. कुठल्या प्रांतात कायदा फ्रेंचांचा आणि कुठल्यात इंग्रजांचा, हरणांचे कळप कुठल्या महिन्यात कुठली नदी ओलांडतात, तिथल्या मूळ लोकांची लेकरं शाळेच्या नावाखाली आईबापांपासून कशी तोडली, गव्हाची कोठारं रुळांना लागूनच का बांधतात, सगळं. परीक्षेच्या आदल्या दिवशी विद्यार्थी तिच्याकडं यायचे. "मावशी, तो मासेमारीवरचा तंटा काय होता हो?" दोच्का फरशी पुसता पुसता सांगायची, आणि पोरं फरशीवरनं उड्या मारत लिहून घ्यायची.

खुर्च्या मांडायच्या तिच्या स्वतःच्या रीतीनं. खोलीत खुर्च्या चाळीस, पण दोच्का मांडायची नऊ. "नऊ खुर्च्यांवर सात माणसं बसली की खोली भरल्यागत दिसतीय. चाळीसांत सात बसली तर वाटतंय, कुणाच्या तरी मातीला लोकच आलं न्हाईत."

दारापाशी टेबल आणि टेबलावर हजेरीवही. नाव, गाव, शेरा. रकाने ती स्वतः पट्टीनं आखायची. दहा वर्षांत ती पहिली वहीही भरली नव्हती.

मार्चमध्ये डीन वर आले. बोयाजिएव सर. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा. नियमात बसेल ते करणार, न बसेल त्याच्याकडं बघणारही नाहीत. त्यांनी वही चाळली, नऊ खुर्च्या पाहिल्या, मग भिंतीला लावलेली एकतीस खुर्च्यांची चळत पाहिली.

"ओग्न्याना बाई, परिषदेनं ठराव केलाय. पर्यटन विभागाला जागा पाहिजे. एप्रिलमध्ये केंद्राला दहा वर्षं होतायत. त्या कार्यक्रमाला या वहीत चाळीस सह्या झाल्या, तर केंद्र राहील. नाहीतर इंग्रजी विभागात एक कपाट देऊ."

"कपाट?" बाई म्हणाल्या.

"कुलपाचं," डीन म्हणाले, आणि दाराशी गेल्यावर मागं वळून, "आणि सफाईचं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं चाललंय. या दोन खोल्या गेल्या की दोच्काबाईंनाही मोकळं करता येईल."

दोच्का तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची. मोकळं होऊन करायचं काय? गावात नवऱ्याचं थडगं आणि सहा कोंबड्या. त्या दिवशी तिनं जाळीची पादत्राणं शनिवार नसताना पुसली.

दहाव्या वर्षासाठी बाईंनी पाहुणी बोलावली होती कॅनडाच्या हॅमिल्टन गावाहून. प्राध्यापक क्लेअर गानेवा. विषय : तळ्याकाठच्या मळ्यांत राबायला गेलेले आपल्याकडचे माळी. बाईंनी टिपण वाचायला दिलं, आणि दोच्का पहिल्याच ओळीवर अडकली. "माझे आजोबा स्तांचो गानेव १९२७ साली व्रबेने या गावातून निघाले."

"बाई, हा तर आमचा स्तांचो!"

"तुमचा म्हणजे?"

"घड्याळवाला हो. शाळेला घड्याळ धाडलं की त्यानं कॅनडातनं."

आमच्या गावाला ते घड्याळ अजून आहे. शाळा बंद पडली तेव्हा ते काढून दुकानाच्या भिंतीवर लावलं. बारा मिनिटं पुढं पळतं. कुणी दुरुस्त करत नाही, कारण सगळं गाव त्याच्यावरच चालतं.

"मग जाहिरातीत गावाचं नाव टाका," दोच्का म्हणाली. "टाकलंत तर माणसं येतील."

आता जाहिरात छापायची कुठं? विद्यापीठाच्या छापखान्यात दोन सह्या आणि दहा दिवस लागतात. केंद्राचा प्रिंटर गुलाबी पट्टे ओढायचा. दोच्का म्हणाली, "मी आणते छापून," आणि गेली पावलिनकडं.

पावलिनचं दुकान बसस्टँडला लागून. पासपोर्टचे फोटो, झेरॉक्स असं पाटीवर लिहिलंय, पण खरा धंदा मयताच्या कागदांचा. पंचक्रोशीत कुणी गेलं की फोटोसहित कागद पावलिन छापतो, आणि तो घराच्या दाराला, झाडाला, स्टँडला लागतो. मग चाळीस दिवसांचा, सहा महिन्यांचा, वर्षाचा, पाच वर्षांचा, दहाचा. माणूस जिवंत असताना त्याचा एवढा छापील गाजावाजा कुणी करत नाही.

"कोण गेलं, दोच्काताई?" पावलिननं मान वर न करता विचारलं.

"गेलं न्हाई कुणी. येतंय. कॅनडातनं."

"मग छापायचं काय?"

"फोटो वर. नाव मोठं. त्याच्याखाली 'व्रबेनेच्या स्तांचो गानेव यांची नात'. मग दिवस, वेळ, जागा. आणि दहा वर्षं झाली ते सगळ्यात वर पायजे."

"दहा वर्षं वरच असतंय." पावलिनची बोटं आपोआप चालत होती. "क्रॉस टाकू, मेणबत्ती का पान?"

"पान!" दोच्का खूश झाली. "मेपलचं. त्यांच्या झेंड्यावर असतंय बघ."

"पान हाय एक माझ्याकडं. कुठल्या झाडाचं ते म्या कवा विचारलं न्हाई."

साठ कागद निघाले. काळी चौकट, कोपऱ्यात पान, मध्ये पिकल्या केसांची, गंभीर चेहऱ्याची बाई. दोच्कानं हात लांब करून बघितलं आणि म्हणाली, "देखणं झालंय." तिला काहीही खटकलं नाही. खटकणार कसं? जन्मल्यापासून झाडाला लागलेला कागद तिनं याच रूपात पाहिलेला. ह्याहून वेगळा दिसला असता तर तिला वाटलं असतं, ही कुणीतरी मोबाइल विकतेय.

लावलेही तिनं माणसं वाचतात तिथंच. स्टँडवर, बेकरीच्या दाराला, चर्चच्या फाटकाला, दवाखान्यासमोरच्या झाडांना. सहा कागद बसच्या ड्रायव्हरकडं दिले, त्यानं आमच्या गावात दुकानासमोरच्या लिंडनच्या झाडाला ठोकले. त्या झाडाला इतके खिळे आहेत की वीज पडायची तर आधी तिथंच पडेल.

संध्याकाळी तिथं माणसं जमली. सेवदा आजीनं चष्मा पुसून मोठ्यानं वाचलं. आजी ब्याऐंशीची. गावातला कुठलाही कागद ती वाचेपर्यंत खरा मानत नाहीत.

"दहा वर्षं. क्लेअर गानेवा. स्तांचोची नात." आजी थांबली. "अगं बया. दहा वर्षं झाली पोरीला जाऊन, आन् आपल्याला आत्ता कळतंय."

"नाक बघा, स्तांचोचंच हाय," कुणीतरी म्हणालं.

"गुरुवारी अकराला इद्यापीठात. तिसरा मजला." आजीनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. "ज्याच्या घड्याळावर आपुन उठतो-बसतो, त्याच्या नातीला एक फूल न्हाई दिलं कवा. मेलेल्याच्या नावाचा गहू म्या शिजवते. फुलं ज्याची त्यानं आणा. आन् जोडीनं आणा, मेलेल्याला जोडीनंच जातात. मागल्या बारीला ह्या गेनानं पाच आणली हुती, जसं काय लगीनच हाय."

बुधवारी सकाळी ओग्न्याना बाई बेकरीत पाव घ्यायला गेल्या आणि पाव तिथंच टाकून पळत वर आल्या.

"दोच्का! मारलंस तू त्यांना!"

"कुणाला?"

बाईंनी दारावरनं ओरबाडून आणलेला कागद टेबलावर ठेवला. दोच्कानं बघितलं. बाईंच्या डोळ्यांनी बघितलं तेव्हा कुठं तिला दिसलं. चौकट. पान. दहा वर्षं.

"आज रात्री विमान उतरतंय. उद्या स्टँडवरनं चालत येतील बाई, आणि झाडाझाडाला त्यांचंच... काढ. सगळे काढ. आत्ताच्या आत्ता."

दोच्का खरवडणी घेऊन निघाली. स्टँडवरच्या पहिल्या कागदाला पातं लावलं तोच मागून आवाज आला.

"काय करतीयस गं?"

सेवदा आजी. बुधवार बाजारचा दिवस. आजीच्या पिशवीत साखर आणि अक्रोड.

"आजी, हा कागद चुकून लागलाय. बाई जित्ती हाय."

"कागद लागलाय की."

"तो मीच लावला!"

"मग तुलाच ठाऊक पायजे कोण मेलं ते." आजीनं तिच्या हातातली खरवडणी घेतली. "मेलेल्या माणसाचा कागद ऊन-पाऊस काढंल. तू कोण काढणारी? तुझी आई असती तर तिला सांगितलं असतं म्या, देव तिला क्षमा करो."

तोवर चार माणसं जमली. एकजण म्हणाला, "अशानंच देश बुडाला." दुसरी म्हणाली, "विद्यापीठात ऱ्हाऊन नास्तिक झाली ही." दोच्का घसा फोडून सांगत होती, की बाई जिवंत आहे, व्याख्यान द्यायला येतेय. आजीनं तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला आणि बसमध्ये चढली.

साठातले अकराच निघाले : बेकरीचा एक आणि अंधार पडल्यावर दवाखान्यासमोरचे दहा. बाईंनी पाहुणीला आणायला मागच्या रस्त्यानं टॅक्सी ठरवली.

गुरुवारी दोच्कानं सवयीनं नऊ खुर्च्या मांडल्या. साडेदहाला डीन आले, खिशाला पेन. वही उघडी होती, पान कोरं होतं. बाई टॅक्सीची वाट बघत खाली उभ्या. दोच्का कॉफीचं पाणी ठेवायला आतल्या खोलीत गेली, आणि जिन्यावर पावलं वाजली.

पावणेअकराला गावकरी हजर. आमच्या घड्याळात अकराला तीनच मिनिटं कमी होती.

काळे रुमाल, काळे कोट, हातात फुलं. पुढं सेवदा आजी, पदराखाली धरावं तसं गव्हाचं भांडं धरून, वर साखरेचा थर, त्यात अक्रोडांचा क्रॉस. दाराशी टेबल, टेबलावर उघडी वही, वहीवर पेन. मयताच्या जागी दाराशी शोकाची वही असतेच, ते काय कुणी सांगायला पाहिजे? आजीनं भांडं बगलेत मारलं आणि सही केली. मागच्यानं केली. त्याच्या मागच्यानं केली. दोच्का पाणी उकळून, कप मांडून बाहेर आली तोवर त्रेपन्न सह्या झाल्या होत्या, आणि शेऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत मेलेल्याला म्हणतात तो एकच शेरा : देव तिला क्षमा करो.

डीन कोपऱ्यात उभे होते. माणसं नऊ खुर्च्यांभोवती दाटलेली, कुणी भिंतीला टेकलेलं.

"दोच्काबाई, ही कोण माणसं?"

दोच्कानं वहीकडं बघितलं. त्रेपन्न. चाळीसवर तेरा.

"श्रोते," ती म्हणाली.

"काळ्या कपड्यांत?"

"गावाकडं कार्यक्रमाला चांगलेच कपडे घालतात, सर."

डीन मान हलवून वहीत आकडा मोजायला लागले. तिथंच सगळं मिटलं असतं. पण सेवदा आजी खोलीभर फिरत होती. गहू कुठं ठेवायचा ते बघत होती. फोटो कुठं, मेणबत्ती कुठं. शेवटी ती जाळीच्या पादत्राणांखाली थांबली, तिथं भांडं टेकवलं आणि हळूच छातीवर क्रॉस केला. ते काही दोच्काला बघवलं नाही.

ती वक्त्याच्या टेबलापाशी गेली. दहा वर्षांत तिथं उभी राहून ती एकदाही बोलली नव्हती, फक्त पुसलं होतं.

"ऐका सगळ्यांनी. बाई मेलेली न्हाई. काल सांगितलं तर कुणी ऐकलं न्हाई, आता ऐका. कागद मी छापून घेतला, चूक माझी. बाई धडधाकट हाय आन् आत्ता जिना चढून वर येणार हाय."

मग मागून गेनानं विचारलं, "मग दहा वर्षं कुणाला झाली?"

"ह्या खोलीला."

"खोली मेली?"

"टेकलीय मरायला. आज वहीत चाळीस सह्या झाल्या न्हाईत तर संपली. तुमच्या त्रेपन्न झाल्यात. पण तुम्ही मयताला म्हणून केल्यात, मी फसवून ठेवून घेणार न्हाई. ज्याला जायचं त्यानं जावं. सही खोडायची तर खोडा."

डीननी खिशातलं पेन काढून पुढं धरलं. वाईट हेतू नव्हता त्यांचा. खोडायचं तर रीतसर खोडावं, एवढंच.

पेन तसंच धरलेलं राहिलं. सेवदा आजी म्हणाली, "बस दोनला हाय. तवर काय रस्त्यावर उभं ऱ्हायचं? आन् एवढ्या खुर्च्या भितीला लावून का ठेवल्यात? खाली घ्या. पाय मोडले माझे."

एकतीस खुर्च्या खाली आल्या. पहिल्यांदाच. तरी तेरा माणसं उभी राहिली, वर डीन.

तेवढ्यात ओग्न्याना बाई दारात आल्या. आतलं काळं दृश्य बघून त्यांनी आधी दारावरची पाटी वाचली. त्यांच्या मागनं क्लेअर गानेवा आत आल्या. उंच, पिकल्या केसांच्या, गळ्यात लाल मफलर, नाक स्तांचोचं. त्यांनी सगळीकडं नजर फिरवली आणि आपल्या भाषेत, आजोबांकडनं शिकलेल्या, आमच्या गावच्या बोलीत म्हणाल्या,

"आरं द्येवा! किती माणसं हाईत! म्या तर म्हणलं, चार-दोन येत्याल."

आता ही बोली बेलिश्तेत कुणी बोललं तर दुकानदार हसून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं बघतो. आमची स्वतःची पोरं सोफियाला गेली की आठवड्यात ती विसरतात. आणि ही बाई समुद्रापलीकडून ती जशीच्या तशी घेऊन आली, १९२७ सालातली, घडी न मोडलेली. कितीतरी शब्द आमच्याच तोंडातनं गेलेले. एक म्हातारा तर ते ऐकून टोपी काढून उभाच राहिला.

सेवदा आजी सरळ तिच्यापुढं गेली, तिचं मनगट धरलं, दाबून बघितलं.

"गरम हाय," तिनं मागं वळून जाहीर केलं.

मग आजीनं आपल्या हातातली फुलं मोजली. सहा ट्युलिप. तिनं एक उपसून काढलं, दोच्काच्या हातात दिलं, आणि पाच क्लेअरबाईंना. "घे लेकी. आता बराबर झाली." मागनं गेना आली, चार कार्नेशन, एक दोच्काला, तीन पाहुणीला. रांगच लागली. क्लेअरबाईंना वाटलं, ही इथली स्वागताची रीत. प्रत्येकीपुढं त्या मान लववत होत्या. दोच्काच्या ॲप्रनमध्ये सुट्या फुलांचा ढीग झाला.

"आन् गहू?" गेनानं विचारलं. "जित्या माणसाचा गहू खायचा का टाकायचा?"

आजीनं विचार केला. "पोरी, तुझा आजा स्तांचो. तो तर नक्की मेलाय न्हवं?"

"मेला की," क्लेअरबाई म्हणाल्या. "एक्क्याऐंशी साली."

"झालं मग. त्याचा गहू. वाटा."

गहू वाटतावाटता व्याख्यान सुरू झालं. ओग्न्याना बाईंनी दोन विद्यार्थिनी भाषांतराला उभ्या केल्या होत्या. त्यांना फारसं काम उरलं नाही, कारण क्लेअरबाई अवघड तेवढं इंग्रजीत बोलायच्या आणि खरं तेवढं बोलीत. पडद्यावर पत्रं आली. मिरचीचं बी कोटाच्या अस्तरात शिवून नेल्याचं पत्र. तळ्याचा वारा कोवळी रोपं मोडतो म्हणून आपल्याकडच्यासारखी बोरूची कुंपणं घातल्याचं पत्र. मग एक फोटो आला. १९२९. अकरा माणसं, हातात फावडी, मागं तळं.

"ह्यातली दोनच म्या वळखती," क्लेअरबाई म्हणाल्या. "तीस वर्सं झाली हुडकती. बाकीची नऊ कोन ते कुठंच गावंना."

सेवदा आजीनं गव्हाचा चमचा खाली ठेवला. उठून ती थेट पडद्यापाशी गेली, इतकी जवळ की तिची सावली तळ्यात पडली.

"हा माझा बा," ती म्हणाली. "डावा खांदा खाली हाय बघा. झाडावरनं पडला हुता."

मग बांध फुटल्यागत झालं. टोपी काढून उभा राहिलेला म्हातारा म्हणाला, चौथा त्याचा चुलता. गेना म्हणाली, मिशीवाला तिच्या सासऱ्याचा भाऊ, तिकडंच राहिला, एकही पत्र नाही. दुसरी म्हणाली, "पत्र कसलं धाडतोय, त्यानं दुसरी केली तिकडं!" "तुला कुणी सांगितलं?" "तुझ्याच सासूनं!" क्लेअरबाई कागद शोधत होत्या, पेन शोधत होत्या. डीननी आपलं पेन दिलं. विद्यार्थिनी भाषांतर सोडून नावं लिहून घेत होत्या. एक वाजला तेव्हा अकरातली दहा नावं पडद्याशेजारच्या फळ्यावर होती. अकराव्यावर अजून भांडण चालू आहे.

दोच्का मागं उभी होती, तिला बसायला खुर्ची नव्हती.

दोनच्या बसला माणसं खाली गेली आणि डीननी वही उचलली. तोंडात गहू होता तो गिळला.

"ही मी परिषदेपुढं कशी ठेवू? त्रेपन्न सह्या, आणि प्रत्येकीपुढं 'देव तिला क्षमा करो'!"

दोच्का म्हणाली, "सर, ठरावात किती सह्या पायजेत ते लिहिलंय. शेरा कसला पायजे ते लिहिलंय का?"

डीननी खिशातनं ठरावाची घडी काढली आणि वाचली. दोनदा वाचली.

क्लेअरबाईंनी वही ओढून घेतली, शेरे वाचले आणि टेबलाला धरून हसत सुटल्या. मग चोपन्नाव्या ओळीत नाव लिहिलं. गावाच्या रकान्यात : हॅमिल्टन, आणि व्रबेने. शेऱ्याच्या रकान्यात : क्षमा झालेली दिसते. व्याख्यान दिले.

"शेऱ्याचं काही लिहिलेलं नाही," डीन म्हणाले, आणि खाली शिक्का मारला.

सुट्या फुलांना फुलदाणी कुठली? दोच्कानं ती फरशीच्या बादलीत ठेवली. ठेवताना मोजली, चव्वेचाळीस. मग एक काढलं आणि डीनच्या खोलीतल्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांनी विचारलं, "हे कशाला?" ती म्हणाली, "जोडी मोडायला."

परिषदेनं केंद्राला तीन वर्षं दिली. खोल्या राहिल्या, आणि त्या झाडायला दोच्का राहिली. पुढचं व्याख्यान ओग्न्याना बाईंनी गुरुवारीच ठरवलं होतं. दोच्का म्हणाली, "बाई, बुधवारी ठेवा. बाजार असतोय. माणसं अकराला मोकळी होतात आणि बस दोनला." बाईंनी बुधवार केला. विषय होता उत्तरेकडच्या बर्फावरचा हक्क कुणाचा. एकोणीस माणसं आली. सेवदा आजी भाजीची पिशवी घेऊन पुढं बसली, अर्धा वेळ झोपली, आणि शेवटी उठून विचारलं, "पण बर्फ वितळला तर हक्क कशावर सांगणार?" सोफियाहून आलेले प्राध्यापक दहा मिनिटं उत्तर देत होते, आणि तरी आजीचं समाधान झालं नाही. दोच्कानं खुर्च्या मांडल्या होत्या बावीस.

त्याच्या आधी ती जाहिरात छापायला पावलिनकडं गेली होती.

"कोण गेलं, दोच्काताई?"

"कुणी न्हाई. आन् ह्या बारीला चौकट काढ. पान ऱ्हाऊ दे."

पावलिननं चौकट काढली. दोघांनी पडद्यावर बघितलं. कागद उघडा पडल्यागत दिसत होता.

"चौकट नसंल तर थांबून वाचणार कोण?" पावलिन म्हणाला.

दोच्कानं दोन पावलं मागं सरून बघितलं.

"बरं, टाक," ती म्हणाली. "पण बारीक टाक. आन् तांबडी."